गोष्ट लग्नापाशी थांबत नाही

प्रेमकथा कुठे थांबवायची हे लेखकाच्या हातात असतं आणि बहुतेक लेखक ती मांडवाच्या दारात थांबवतात. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, की वाचकही समाधानानं पुस्तक मिटतो. मराठी कादंबरीनं मात्र जन्मापासूनच वेगळी वाट धरली. १८५७ साली बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं. त्यातली यमुना आणि विनायक हे नवराबायको आहेत. लग्नाचा प्रश्न तिथे मिटलेला आहे आणि कथा आहे ती पुढची: दोघांचा प्रवास, वाटेत भेटणाऱ्या विधवांची दुःखं, विनायकाचा मृत्यू, यमुनेचा पुनर्विवाह. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्येही यमूची खरी गोष्ट सासरीच घडते. संसार सांगायची ही सवय आपल्या भाषेच्या अंगवळणी पडलेली आहे.

त्या सवयीकडे मी नव्यानं वळले ती एका जपानी खेळामुळे. ‘टोमोयो आफ्टर’ हे त्याचं नाव. ‘क्लॅनाड’ नावाच्या माझ्या अत्यंत आवडत्या प्रेमकथेच्या खेळाचा हा पुढचा भाग. पावसाळ्यात पालघर जिल्ह्यातल्या जव्हारला मुक्काम असताना मी तो खेळत होते. दिवसा दाभोशाचा धबधबा आणि आजूबाजूचे पाडे, रात्री लॅपटॉपवर टोमोयोचं घर. हा लेख त्या खेळाविषयी आहे तितकाच जव्हार-मोखाड्याविषयीही आहे, कारण दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसली. प्रेमाचा कस लग्न जुळण्यात लागत नाही. जुळल्यावर कोण कोणाला किती दिवस सांभाळतं, यात लागतो.

वाचायचा खेळ

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. पडद्यावर एखाद्या जागेचं चित्र असतं: शाळेचा वर्ग, चढाचा रस्ता, भाड्याची खोली. त्यावर कमरेपर्यंत दिसणारं पात्र. खाली चौकटीत मजकूर. कळ दाबली की पुढचं वाक्य उमटतं, मागे संगीत चालू असतं, पात्रं आपापल्या आवाजात बोलतात. मधूनच खेळ थांबतो आणि दोन-तीन पर्याय पुढे ठेवतो. तिच्यामागून जायचं की वर्गात परतायचं? खरं सांगायचं की गप्प बसायचं? आपण जे निवडू त्यानुसार कथेला फांद्या फुटतात. चुकीच्या वळणावर गेलो तर गोष्ट अर्ध्यातच, वाईट तऱ्हेनं संपते. मग जिथे खूण करून ठेवली असेल तिथे परत यायचं आणि दुसरी वाट धरायची. याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात.

जपानमध्ये हा प्रकार १९९०च्या दशकात रुजला. १९९२ साली चुनसॉफ्ट कंपनीनं ‘ओतोगिरिसो’ ही भयकथा अशा रीतीनं मांडली. १९९४ साली कोनामीचा ‘टोकिमेकी मेमोरियल’ आला. शाळेची तीन वर्षं, अभ्यास, मैत्री, आणि निरोपाच्या दिवशी एका झाडाखाली मुलीनं दिलेली प्रेमाची कबुली. त्याच वर्षी कोएई कंपनीच्या रुबी पार्टी या बायकांच्या चमूनं खास मुलींसाठी ‘अँजेलिक’ तयार केला. १९९८ साली सुरू झालेल्या ‘की’ या संस्थेनं ‘कॅनन’ आणि ‘एअर’नंतर २००४ साली ‘क्लॅनाड’ काढला. त्याचे प्रमुख लेखक जून माएदा. इंग्रजी आवृत्तीसाठी चाहत्यांनी २०१४ साली वर्गणी काढली आणि पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. २०१५ साली ती आवृत्ती आली आणि जपानी न येणाऱ्या माझ्यासारख्यांना हा खेळ पहिल्यांदा नीट वाचता आला.

चित्र समोर ठेवून गोष्ट सांगणं आपल्याला परकं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. चित्रांच्या एका संचाला ते पोथी म्हणतात. एकेक चित्र पुढे धरायचं, वाद्यांच्या साथीनं तेवढा प्रसंग गायचा, सांगायचा, मग पुढचं चित्र. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पिंगुळीच्या पोथीत श्रोत्याला वाट निवडता येत नाही, एवढाच मोठा फरक.

मांडवापलीकडचं घर

‘क्लॅनाड’चा नायक ओकाझाकी हा शाळेत नाव खराब झालेला मुलगा. आई नाही, बापाशी बोलणं नाही, खांदा कायमचा दुखावलेला. त्याच्या आयुष्यात कोण येईल ते आपल्या निवडींवर ठरतं. टोमोयो साकागामी ही त्यातली एक. एके काळी मारामाऱ्या करत हिंडणारी ही मुलगी नव्या शाळेत येते ती एक काम मनाशी धरून. शाळेच्या वाटेवरची चेरीची झाडं तोडली जाणार आहेत. विद्यार्थी संघाची अध्यक्ष होऊन ती तिला वाचवायची आहेत. घर मोडायला आलं असताना धाकट्या भावानं जीव धोक्यात घालून ते सांधलेलं असतं, आणि सगळ्यांनी मिळून याच झाडांखालून चालायचं असं त्या घराचं ठरलेलं असतं. आपण तिच्या आड येतोय असं वाटून ओकाझाकी तिला सोडतो. झाडं वाचतात. बऱ्याच महिन्यांनी ती परत त्याच्याकडे येते आणि पहिली गोष्ट संपते.

२००५ साली आलेला ‘टोमोयो आफ्टर’ इथून पुढे सुरू होतो. (मूळ जपानी आवृत्ती फक्त प्रौढांसाठी होती. पुढे सर्वांसाठीची आवृत्ती निघाली आणि २०१६ साली ती इंग्रजीत आली.) ओकाझाकी आता शाळेबाहेर पडलेला आहे, भंगारातल्या वस्तू दुरुस्त करून पोट भरतो, एका लहानशा खोलीत राहतो. टोमोयो येते, स्वयंपाक करते, पसारा आवरते. दोघं सुखात आहेत. तेवढ्यात तिचा भाऊ एका छोट्या मुलीला घेऊन दारात उभा राहतो. ही टोमो. टोमोयोच्या वडिलांना बाहेरच्या संबंधातून झालेली मुलगी, आईनं टाकून दिलेली. पाठोपाठ घरातून पळून आलेली आणखी एक मुलगी येते. आईचं दुसरं लग्न तिला मान्य नाही. दोघांच्या खोलीत बघता बघता पाच माणसं होतात.

हा पुढचा भाग खेळताना पहिल्यांदा जाणवतं ते हे, की पर्याय कमी झालेत. शाळेतल्या गोष्टीत पावलापावलावर विचारणा होती. इथे घटना येऊन उभ्या राहतात आणि निभवायच्या असतात. चाहत्यांपैकी बरेच जण याला खोट मानतात. मला ते या खेळाचं मोठं शहाणपण वाटतं. कोणावर प्रेम करायचं हे निवडता येतं. त्या माणसाबरोबर कोणती नाती, कोणती देणी, कोणाची पोरं आणि कोणतं आजारपण घरात येईल, हे निवडता येत नाही. कोवळ्या वयाच्या दोन मुलांनी टोमोला पदरात घेणं हा कथेतला खरा लग्नविधी आहे. त्याला अक्षता नाहीत, साक्षीला फक्त भात शिजवायचं भांडं आहे.

‘क्लॅनाड’च्या पोटातही असा एक उत्तरार्ध आहे. तो मिळवायला आधी बाकीच्या पात्रांच्या गोष्टी पुऱ्या कराव्या लागतात. प्रत्येकाच्या सुखातून एक प्रकाशकण हाती येतो आणि पुरेसे कण जमले की मगच दार उघडतं. इतरांचं बरं झाल्याशिवाय आपला संसार सुरू होत नाही, अशी ही रचना आहे. या उत्तरार्धात नागिसा ही नायिका आणि ओकाझाकीची बायको आहे. ओकाझाकी विजेच्या खांबांवर काम करणाऱ्या कारागिराच्या हाताखाली लागतो. पहिल्या दिवशी त्यानं बसवलेले स्क्रू सैल निघतात आणि उस्तादाला ते मुकाट्यानं पुन्हा आवळावे लागतात. संध्याकाळी अंग इतकं ठणकतं की जेवायला बसवत नाही. प्रेमकथेच्या खेळात नोकरीचा पहिला दिवस इतक्या बारकाईनं दाखवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. पुढे बाळंतपणात नागिसा जाते. ओकाझाकी मुलीकडे पाठ फिरवतो. पाच वर्षं तिला आजी-आजोबा वाढवतात. मग तो तिला घेऊन एका प्रवासाला निघतो. फुलांच्या शेतात तिचं खेळणं हरवतं. रडायचं झालं तर एकटीनं, कुणाला दिसणार नाही असं, नाहीतर बाबांच्या कुशीत, असं आजीनं तिला शिकवलेलं असतं. ती कुशीत येऊन रडते आणि पाच वर्षांनी तो बाप होतो.

दाभोशाचा पुढचा भाग

जव्हारहून दाभोसा सुमारे वीस किलोमीटर. लेंढी नदी इथे कड्यावरून जवळजवळ तीनशे फूट खाली कोसळते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई, नाशिक आणि गुजरातच्या गाड्यांची रांग लागते. त्याच दिवसांत रस्त्यालगतच्या खाचरांत गुडघाभर चिखलात आवणी चाललेली असते; वरकस उतारांवर नागली आणि वरई. पर्यटक जव्हारचा एवढाच भाग वाचून जातो: हिरवा डोंगर, पांढरं पाणी, मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी शहराच्या मनातलं जव्हार अजून सहलीचंच आहे.

पुढचा भाग दिवाळीनंतर सुरू होतो. वाघबारस झाली, नवं धान्य घरात आलं, तारपा वाजून झाला, उकडलेले करांदे खाऊन झाले, की पाडे रिकामे व्हायला लागतात. वसई, भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्या आणि बांधकामं माणसांची वाट बघत असतात. भट्टीवर मजूर एकटा क्वचितच घेतात. नवराबायकोची जोडी लागते. एक माती कालवणार, दुसरा साच्यात भरणार. आगाऊ उचल जोडीच्या नावानं मिळते आणि हंगामभर दोघांनी मिळून ती फेडायची. पोरं एक तर भट्टीवर, नाही तर गावात म्हाताऱ्यांपाशी, नाही तर आश्रमशाळेत. १९९२ साली याच तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. कुपोषणाचा प्रश्न तेव्हापासून कागदावर आहे आणि त्याचं मूळ या उठून जाण्यातही आहे, हे इथे काम करणारे सगळे सांगतात.

या भागातल्या वारली, कातकरी आणि इतर आदिवासी समाजांत एक रीत आहे, जी शहरी वाचकाला चकित करते. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडतात, घरचे मान्यता देतात, दोघं एकत्र राहू लागतात. शेत करतात, पोरं होतात. विधीवत लग्न मात्र पैसे जमतील तेव्हा. देज, मानपान, पाहुण्यांचं जेवण, हा खर्च एका हंगामात झेपत नाही, म्हणून लग्न पुढे जातं. कधी वर्ष, कधी दहा वर्षं, कधी एक पिढी. पोरांच्या लग्नाआधी आईबापांचं राहिलेलं लग्न उरकावं लागतं, म्हणून एकाच मांडवात दोन पिढ्यांना हळद लागल्याच्या बातम्या इथल्या सामुदायिक विवाहांतून दर वर्षी येतात. सरकारच्या कन्यादान योजनेची मदतही अशा सोहळ्यांना मिळते.

म्हणजे बाकी जगानं जिथे गोष्ट संपवली, तिथे या माणसांची गोष्ट अर्ध्याहून जास्त जगून झालेली असते. त्यांच्या लग्नात कोणी कोणाला वचन देत नाही, कारण ते आधीच पाळून झालेलं असतं. एकमेकांच्या आजारपणात उशाशी बसून, भट्टीच्या धुरात एका ताटात जेवून, एखादं मूल गमावून दोघं मांडवात उभी राहतात. मला हा विधी आपल्या हॉलमधल्या लग्नांहून अधिक अर्थाचा वाटतो. त्यात गरिबीचा जाच आहे हेही तितकंच खरं. कागदोपत्री लग्न नसल्यानं बाईच्या हक्काला धक्का बसतो, विधवा झाली तर तिची धावपळ वाढते. रीत सुंदर आहे म्हणून तिच्यामागचं दारिद्र्य सुंदर होत नाही.

ते दारिद्र्य कुठून आलं हे गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. १९७० साली आलेल्या या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात लग्नगड्यांची हकिकत आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे रुपये घ्यायचे आणि त्या बदल्यात नवऱ्यानं, पाठोपाठ बायकोनंही, त्याच्या घरी राबायचं. हिशेब कधीच पुरा होत नसे. प्रेमाचा पुढचा भाग गुलामी, असा हा करार होता. १९४५ साली डहाणू, तलासरी, उंबरगावच्या वारल्यांनी याविरुद्ध उठाव केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि इतर वारली मारले गेले. वेठबिगारी आणि लग्नगडी या प्रथांना त्या लढ्यानं मोठा हादरा दिला. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली आला, तरी वसई-पालघर पट्ट्यातून वेठबिगार सोडवायला १९८०च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला झगडावं लागलं. जोडीच्या नावानं उचल देण्याची भट्टीवरची पद्धत पाहिली की लग्नगड्याची सावली अजून पुरती हटलेली नाही, हे समजतं. म्हणूनच लग्न पुढे ढकलणाऱ्या जोडप्याला मी मागासलेलं म्हणणार नाही. कर्ज काढून आधी लग्न आणि मग जन्मभर फेड, हा अनुभव आजा-पणजांनी घेतलेला आहे. आधी संसार, मग ऐपतीप्रमाणे विधी, हा त्यावर शोधलेला शहाणा तोडगा आहे.

चौक

वारल्यांचा हा लग्नविधी घडतो तो चित्रासमोर. लग्नघराची कुडाची भिंत शेणानं सारवून गेरूनं लाल करतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं असतं. बांबूची काडी दातांनी चावून तिचं टोक पिंजायचं, ती झाली लेखणी. सवाशिणी भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात. आधी चौकोन आणि त्याच्या कडेच्या दाट नक्षीच्या पट्ट्या. मध्ये पालघट देवी, पिकापाण्याची आणि संततीची. चौकाबाहेर झाडं, मोर, माकडं, ताडावर चढणारा माणूस, तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारी नाचणाऱ्यांची माळ, आणि घोड्यावर बसलेले नवरानवरी. लग्न लावणारी धवलेरी ही बाईच असते. ती देवांना बोलावते, गाण्यातून विधी पुढे नेते.

या भिंतीसमोर उभं राहिलं की डोळ्याला सुरुवात सापडत नाही. पिंगुळीच्या पोथीत एका चित्रानंतर दुसरं येतं. चौकात सगळं एकदम आहे. कोणी भात कांडतंय, कोणी शिकारीला निघालंय, जंगल वाढतंय, नवरानवरी निघाली आहेत. लग्न हा त्यात एक प्रसंग आहे, शेवट नाही. त्रिकोणाला त्रिकोण टेकवून काढलेली नवरानवरी आकारानं बाकीच्या माणसांएवढीच असतात. गावाच्या कामांत त्यांचंही एक काम, इतकंच स्थान.

गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकात हीच रेषा भिंतीवरून कागदावर आणली. चौक लिहिणं बायकांचं काम होतं. ते शिकून त्यांनी रोजची दुनिया रंगवली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, १५ मे २०१८ रोजी ते गेले. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आज चित्रांतली ही माणसं साड्यांवर, मगवर, विमानतळाच्या भिंतींवर दिसतात. मात्र जिथून ती आली तो चौक सजावटीचा नाही. तो एका संसाराला देवांसमोर आणि गावासमोर दिलेली ओळख आहे.

शाळा बांधणारी माणसं

‘टोमोयो आफ्टर’च्या मध्यावर टोमोच्या आईचा पत्ता लागतो. ती एका दूरच्या, जगापासून तुटलेल्या वस्तीत राहते आणि मुलीला जवळ घ्यायला तयार नसते. ओकाझाकी आणि टोमोयो तिथे जातात. भांडून, समजावून काही होत नाही. टोमो तिथे राहणार तर तिला शाळा हवी, आणि शाळा तर नाही. मग ही शहरातली पोरं तिथेच मुक्काम ठोकून शाळा उभी करायला घेतात. स्वतःच्या हातांनी झाडलोट, डागडुजी, आणि रोज थोडं थोडं शिकवणं. आधी दुरून बघणारे गावकरी हळूहळू जवळ येतात. प्रेमकथेचा कळस शाळेची घंटा असावी, हे लेखकाला सुचलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

पालघर जिल्ह्यात हे खरोखर घडलेलं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे १९५०च्या दशकात ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वारल्यांची पोरं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना धाकटी भावंडं सांभाळायची होती आणि गुरं चारायची होती. दोघींनी शाळाच पोरांकडे नेली. पाड्यावरच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरं चरायची तिथे भरली ती कुरणशाळा. गारगोट्या, बिया, पानं, शिंपले ही साधनं. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली. देशभर पसरलेल्या अंगणवाड्यांच्या मुळाशी हा प्रयोग आहे. तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या अनुताईंनी उरलेलं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांना दिलं. लग्नाची गोष्ट संपल्यावर प्रेमाची गोष्ट कशी सुरू होते, याचं याहून थोर उदाहरण माझ्यापाशी नाही.

खेळाचा शेवटचा टप्पा सर्वांत कठीण आहे. डोक्याच्या इजेमुळे ओकाझाकीची स्मृती जाते. टोमोयो त्याला अनोळखी होते. ती ओळख करून देते, जवळ येते, तोवर स्मृती पुन्हा पुसली जाते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हे तीन वर्षं चालतं. शस्त्रक्रिया करायची तर जिवाला धोका. पुढचं इथे सांगत नाही. ज्याला खेळायचं आहे त्यानं स्वतः तिथवर जावं. मात्र घरात विस्मरणाचा आजार असलेला माणूस ज्यांनी सांभाळला आहे, त्यांना टोमोयोची रोजची पहिली ओळख ही कल्पना वाटणार नाही. प्रेमकथांनी आपल्याला पहिल्या भेटीचं वेड लावलं. इथे तीच पहिली भेट पुन्हा पुन्हा येते आणि तिचं नाव सेवा असतं.

आपला पुढचा भाग

मराठी प्रेक्षकानंही अशा पुढच्या भागांना साथ दिलेली आहे. सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त २०१० साली दोन अनोळखी माणसं एका दिवसात एकमेकांना ओळखू लागली, २०१५ साली त्यांचं लग्न होताना पाहिलं, २०१८ साली त्यांच्याकडे पाळणा हलणार का हे पाहायला लोक पुन्हा आले. खेळांच्या जगातही भारतीय घरं दिसू लागली आहेत. ब्रिॲना ली यांच्या ‘बटरफ्लाय सूप’मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या चार शाळकरी मुली आहेत, त्यातल्या दिया आणि अकर्षा भारतीय घरांतल्या. मुलीचं मुलीवर प्रेम बसण्याची ही गोष्ट २०१७ साली आली, तिचा दुसरा भाग २०२२ साली. बे एरियातल्या मराठी घरांना त्यातले आईबाप ओळखीचे वाटतील. कॅनडात तयार झालेला ‘वेन्बा’ तर लग्नानंतरच सुरू होतो. १९८०च्या दशकात टोरांटोला गेलेलं तमिळ जोडपं, फाटलेल्या वहीतल्या आईच्या पाककृती, दुरावत जाणारा मुलगा. २०२३ साली आलेल्या या खेळाला पुढच्याच वर्षी पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

मग जव्हारचा खेळ का नसावा? साधनं फुकट आहेत. ‘बटरफ्लाय सूप’ ज्यात घडला ते रेनपाय २००४ पासून कोणालाही मोफत मिळतं. नव्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरंही नीट उमटतात. असा खेळ साध्या फोनवर चालतो. चित्रांची परंपरा भिंतीवर आहे, गाण्यांची धवलेरीच्या गळ्यात, सोंगांची मोखाड्याच्या बोहाड्यात. विषय तर समोरच उभा आहे. दिवाळी झाली, उचल घ्यायची का? घेतली तर पोर बरोबर न्यायचं की आजीपाशी ठेवायचं? आश्रमशाळेत घातलं तर भट्टीवरून भेटायला कधी येणार? या वर्षी हाती पैसे उरले. आधी घरावर पत्रे घालायचे की राहिलेलं लग्न उरकायचं? हे पर्याय कोणा लेखकानं रचलेले नाहीत, दर वर्षी इथली जोडपी ते निवडतात. असा खेळ शहरातल्या पंधरा वर्षांच्या मुलीनं खेळला, तर दाभोशाला जाताना खाचरात वाकलेल्या बाईकडे ती वेगळ्या नजरेनं पाहील.

एक अट मात्र पाळायला हवी. चौक उचलून पडद्यावर चिकटवला आणि वर एक गोड प्रेमकथा घातली, असं होता कामा नये. देवीची चित्रं आणि विधीची गाणी वापरायची का, किती, कशी, हे त्या समाजानं ठरवावं. गोष्ट त्यांच्या पोरांनी, त्यांच्या बोलीत लिहावी, आणि पैसे मिळाले तर ते त्यांचे असावेत. जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांत आणि महाविद्यालयांत फोन हाताळणारी, चित्र काढणारी, भट्टीचे दिवस आठवणारी मुलंमुली आहेत. त्यांना एक संगणक, एक शिकवणारा माणूस आणि सुट्टीतले काही आठवडे मिळाले तर सुरुवात होईल. ज्या संस्था या भागात शाळा आणि वाचनालयं चालवतात त्यांनी हे मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रेमात पडण्याची गोष्ट जगात कुठेही, कोणीही लिहू शकतं. घर चालवून, कर्ज फेडून, दुसऱ्याचं पोर वाढवून, विसरत चाललेल्या माणसाला रोज नाव सांगून प्रेम कसं टिकवतात, हे लिहायला ते जगलेली माणसं लागतात. अशी माणसं या डोंगरात भरपूर आहेत. त्यांची गोष्ट त्यांनीच सांगावी आणि आपण ती शेवटपर्यंत खेळावी.